पाठमोऱ्या गिऱ्हाइकास हाक मारण्याची जबाबदारी

ज्याने त्याने आपल्यापुरतेच पाहावे, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, हा सुव्यवस्थेचा पाया होय. कचेऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. संगणकवाल्यांना अलीकडे कळलं आणि त्यांनी त्याला ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन’ असं भारदस्त नाव दिलं.

पालघरच्या बाजारात पापलेट विकणाऱ्या जमुनाबाईंसाठी त्यांचा भाचा सुजीत यानं याच पद्धतीनं ऑनलाइन दुकान रचलं. (सुजीत बोईसरला एका कंपनीत आहे. तिथं तो नेमकं काय करतो, हे कंपनीलाही माहीत नाही.)

रचना देखणी होती. मासळी हे एक ऑब्जेक्ट. तिनं भाव सांगायचा. टोपली दुसरं, तिनं बेरीज करायची. गिऱ्हाईक तिसरं, त्यानं पैसे भरायचे. कोळीण हे ऑब्जेक्ट पैसे जमा झाल्यावरच जन्माला येई. घासाघीस केल्याशिवाय आपल्याकडे कोणी मेथीची जुडीही घेत नाही, म्हणून सुजीतनं गिऱ्हाइकानं आपला भाव लिहून दाबायला ‘जाते मी’ असं बटणही ठेवलं. बाजारातली रीतच आहे ती: भाव ऐकून बाईनं पाठ फिरवायची, चार पावलं जायचं, मग कोळीण हाक मारते आणि सौदा होतो.

पहिल्या दिवशी जमुनाबाई बंदरावरून दोन टोपल्या पापलेट घेऊन आल्या, ती बर्फात घातली आणि बाजारात न जाता मोबाइलपुढे बसल्या. गिऱ्हाइकं भराभर आली. शंभर टक्के गिऱ्हाइकांनी ‘जाते मी’ दाबलं आणि सोफ्यावर बसून हाकेची वाट पाहू लागली. (प्रत्यक्षात कोणीही कुठं गेलं नाही.)

बर्फ वितळू लागला.

“आरं सुज्या, चालली ना समदी! हाक कोन मारनार?”

“आत्ये, टोपलीला तोंड नाय. मासळीनं हाक मारली तर बरं दिसनार नाय. आन तू अजून जन्मली नाय.”

“मं मी मारते ना!”

“ते डिझाइनमदी बसत नाय.”

जमुनाबाईंनी तरीही खिडकीतून दोन खणखणीत हाका मारल्या. त्या सफाळ्यातल्या सोफ्यांपर्यंत पोचल्या नाहीत. दुपारी त्यांनी पापलेटं चिरून मीठ लावलं. दिवसाची कमाई बुडाली आणि बाई रडल्या. मलाही फार वाईट वाटलं. (अशा अहवालात हे बसत नाही, तरी नोंदवतो.)

संध्याकाळी सुजीतनं ‘हाक’ नावाचं नवं ऑब्जेक्ट घडवलं. ताजी मासळी उरली आहे का, हे विचारणं त्याच्या अखत्यारीत नव्हतं. त्यानं सरसकट संदेश धाडला: ‘ताई, रागावलात? या ना, तुमच्याच भावात देते.’ सगळ्या ताया परत आल्या. काहींचे तर डोळे पाणावले. नसलेली पापलेटं हातोहात खपली, सुजीतला कंपनीत बढती मिळाली आणि एकेकीचे पैसे परत करता करता जमुनाबाईंच्या नाकी नऊ आले.

आता त्या पुन्हा बाजारात बसतात. परवा त्यांनी तुम्हालाही हाक मारली होती, चांगली नावानं. पापलेटं ताजी होती, तुम्ही सांगितलेला भावही त्यांना कबूल होता. तुम्ही मात्र मोबाइलात बघत पुढं निघून गेलात. कुठल्याशा ॲपनं ‘आम्हाला तुमची आठवण येते’ असं कळवलं होतं, आणि तुम्हाला भरून आलं होतं.