शेपूटकरांनी वेबसाइटवाला पाहिला

एका जंगलात, मुलांनो, वाघसुद्धा आधी मोबाइलवर पत्ता बघायचा आणि मगच शिकारीला निघायचा. तिथे मोहाच्या ढोलीत शेपूटकर खारींचं भाजलेल्या बियांचं दुकान होतं.

बिया भाजायची त्यांची सून, कुमुद. लग्न होऊन आली ती थेट भट्टीपाशीच उभी राहिली. तिला ते आवडायचंही. पण दुकानाचं नाव मोबाइलवर कुठेच नव्हतं. गिऱ्हाईक नदीपलीकडच्या माकडाकडे वळू लागलं होतं.

"असंच चाललं तर दुकान बंद करू," सासरे अण्णा म्हणाले. "मग सूनबाई, तू घर सांभाळ."

कुमुद झारा हातात घेऊनच पुढे आली. "अण्णा, वेबसाइट करून घेऊ या का?"

"घेऊ की! चांगल्या घरातला मुलगा बघू."

शेपूटकरांकडे काहीही निवडायची रीत एकच. कुमुदला निवडलं, तीच. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, पोहे केले.

पहिला आला सुगरण पक्षी. त्यानं बशी बाजूला ठेवली. "कुठल्या बिया जास्त खपतात? गिऱ्हाईक कुठून येतं? ढोली वाटेवरून दिसते का?"

कुमुदनं कान टवकारले. बियांबद्दल कुणीतरी विचारत होतं.

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. "ते राहू दे. घर स्वतःचं?"

"हो, स्वतः विणलंय. बाभळीला लटकतं."

"लटकतं म्हणजे जमीन नाहीच," माई पुटपुटल्या.

तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "फार प्रश्न विचारतो. बघायला आपण बोलावलं होतं की त्यानं?"

कुमुद बश्या उचलू लागली. पाहण्याच्या कार्यक्रमात तिनंही एक प्रश्न विचारला होता. तो विषय या घरात अजूनही अधूनमधून निघायचा.

दुसरा आला मोर. माईंच्या माहेरच्या रानातला, सोबत मामा. त्यानं मान खाली घालून पोहे खाल्ले, पुन्हा मागून घेतले, विचारलं काहीच नाही. निघताना पिसारा तेवढा फुलवला.

"काय नम्र मुलगा आहे, बाई!" माई म्हणाल्या.

"त्यानं केलेली एखादी वेबसाइट पाहू या?" कुमुद म्हणाली.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "तुझा स्वयंपाक चाखून आणलं होतं का तुला?"

पत्रिका जुळली. सुपारी फुटली.

वेबसाइट झाली. उघडली की आधी पिसारा. मग कुलदैवत, मग पणजोबा, मग सगळे शेपूटकर मानाप्रमाणे. शेवटी धाकटे दीर विलासभाऊजी, फांदीला रेलून, उंची आणि रंगासकट.

"आणि बिया?" कुमुदनं विचारलं.

"आहेत ना," मोर म्हणाला, "पिसाऱ्याच्या मागे."

आठवड्याभरात ढोलीसमोर ही गर्दी! बिया मात्र कुणालाच नको होत्या. सगळे मुलींचे बाप. विलासभाऊजींसाठी आलेले.

"बघा, चालली की नाही वेबसाइट?" अण्णांचा आनंद गगनात मावेना. पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर जातो म्हणून भट्टी विझवली. तिथे सतरंजी अंथरली. बाहेर पाटी लागली : शेपूटकर वधूवर सूचक मंडळ. मोराला शाल-श्रीफळ मिळालं.

कुमुद आता पाहुण्यांना चहा देते. माई कौतुकानं सांगतात, "आमची सून फार गुणी हो. काही म्हणून विचारत नाही."

तात्पर्य : वेबसाइट कुणाकडून करून घ्यावी, हे धंदा कळणाऱ्याला कधीही विचारू नये. तो नुसतं काम बघत बसतो आणि घराणं बघायचं राहून जातं.