पेशकारकाकांची नजीर

उमरग्यात नवा माणूस उतरला की आम्ही त्याला आधी गाव विचारायचो, मग आडनाव, मग पगार. आमच्या शेजारचे पेशकारकाका यातलं काही विचारत नसत. ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि एवढंच विचारायचे, "तुमच्याकडं मेलेल्या माणसाला काय जेवू घालतात?"

सोलापूर-हैदराबाद सडकेवरचं आमचं गाव. नव्या माणसांना तोटा नव्हता. एक सरदारजी रस्त्याच्या कडेला ट्रकचं चाक बदलत बसला होता. त्याला काकांनी हा सवाल केला, तर तो चाक अर्धवट आवळून निघून गेला. गावात नवे डॉक्टर आले, दवाखान्याचं उद्घाटन झालं, पेढे वाटले. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि भर मंडपात डॉक्टरांना तेच विचारलं. त्यानंतर काका लांबून दिसले तरी डॉक्टर मागच्या दारानं सटकायचे.

पण सरळ उत्तर देणारेही भेटत. रशीदमियाँ शिंप्यानं सांगितलं की शब-ए-बरातला घरात हलवा होतो आणि कबरीवर दिवा लावतात. काकांना हलवा पसंत पडला. दवाखान्यातली गोव्याची नर्स म्हणाली, आमच्याकडं कबरीवर मेणबत्त्या लावतात, फुलं वाहतात. "नुसता उजेड? पोटाला काहीच नाही?" म्हणून काका दिवसभर हळहळत राहिले. सडकेच्या मोजणीला आलेला एक बंगाली बाबू म्हणाला, आम्ही चौदा पालेभाज्या खातो आणि चौदा दिवे लावतो. काका हबकलेच. "मास्तर, आपल्या बाजारात मेथी आणि शेपू. बाकीच्या बारा कुठून आणायच्या?"

काकांचं नाव गुंडेराव. निजामाच्या अमलात ते तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे. राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली, काकांनी उतारवयात मराठी दफ्तराचं वळण गिरवलं आणि पेन्शन घेतली. पण जिभेवरची कचेरी काही उठली नाही. त्यांना सगळं 'बाकायदा' लागायचं. चहा आला तर आधी पाणी, मग बशी, मग फुंकर. घरात मांजर व्याली तरी ते पिलांच्या बापाची तहकीकात करायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. माझ्याकडं कुणी परगावचा पाहुणा आला की हे ओट्यावर हजर. पाहुणा जेवायला बसलेला असायचा आणि हे मेलेल्यांचं ताट काढायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

तो राग एका दुपारी गेला. भागीरथीकाकू, म्हणजे काकांची बायको, आमच्याकडं शेवया करायला बसल्या होत्या. माझ्या बायकोनं सहज विचारलं, काकांना हा नाद कुठून लागला? काकू शेवया वळत म्हणाल्या, "आम्हाला एक मुलगी झाली होती. दीड वर्षाची होऊन तापानं गेली."

आमच्याकडं एवढ्या लहान लेकराला पुरतात आणि विषय बंद करतात. पुढच्या पितृपक्षात काकांनी भटजींना विचारलं, हिचं पान कधी वाढायचं? भटजी म्हणाले, एवढ्या लहानाला तिथी नसते, पिंड नसतो आणि पानही नसतं. बस्स.

"दर साल आमच्या घरी सगळे जेवून जातात," काकू म्हणाल्या. "ह्यांचा तो चुलता, ज्यानं आमची जमीन गिळली, तोसुद्धा वडे खाऊन जातो. माझ्या लेकराला तेवढं दार बंद."

"मग गुपचूप वाढायचं एक पान," माझी बायको म्हणाली.

"हे वाढतील? ह्यांना नजीर पाहिजे."

नजीर म्हणजे, असं पूर्वी कुठं तरी झालेलं आहे याचा दाखला. कायद्यात एखादी गोष्ट लिहिलेली नसेल, पण कुठल्या तरी कोर्टात ती मान्य झाली असेल, तर पेशकार तो दाखला साहेबापुढं ठेवतो आणि काम होतं. या माणसानं सरदारजी, डॉक्टर, नर्स, सगळ्यांना गाठलं होतं ते त्या एका दाखल्यासाठी. जगात कुठं तरी लहान लेकराला मेल्यावर जेवायला बोलावत असतील, एवढं त्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. त्या दिवसापासून माझा राग काकांवरून उठला आणि भटजींवर जाऊन बसला.

अशात गावात अमेरिकेचा एक तरुण कोंबडीपालन शिकवायला आला. टॉम त्याचं नाव. हा उंच, गोरा, टाचा टेकून उकिडवं बसायला शिकत होता आणि रोज पडत होता. शाळेत त्याचा सत्कार ठरला. हेडमास्तर आदल्या दिवशी स्वतः काकांच्या घरी जाऊन सांगून आले, "काका, परदेशी पाहुणा आहे, गावाच्या इज्जतीचा सवाल आहे. तेवढं ते विचारू नका."

"नाही विचारणार," काका म्हणाले, आणि पहिल्या रांगेत येऊन बसले.

हार झाला, भाषण झालं. "कुणाला काही विचारायचं आहे का?" असं हेडमास्तर सवयीनं बोलून गेले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. तर्जुमा करायला मी. मी आपलं सावरून टॉमला विचारलं, तुमच्याकडं सणाला काय जेवता? टॉम टर्की नावाच्या पक्ष्याबद्दल उत्साहानं बोलू लागला.

"मास्तर," काका शांतपणे म्हणाले, "तो गडी मेलेल्यांचं बोलत नाही. तर्जुमा बाकायदा करा."

मग केला. टॉम खदखदून हसला. म्हणाला, आमच्याकडं ऑक्टोबरच्या शेवटी एक संध्याकाळ असते. त्या दिवशी लेकरं भुताचं सोंग घेऊन घरोघर जातात आणि गोड मागतात. नाही दिलं तर खोडी काढतात. लाल भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात. माझी आजी आयर्लंडची, तिच्याकडं पूर्वी सलगम कोरायचे. इंग्लंडात मात्र कित्येकांना हे ठाऊकच नाही.

सभेत एकच गलका झाला. "पोटच्या पोराला भुताचं सोंग देतेत? आन् नजर लागली म्हंजी?" मागून एक म्हातारी ओरडली आणि नातवाला उचलून बाहेर गेली. काका मात्र मान डोलावत होते. "भोपळा तर आपल्या श्राद्धालाही लागतोच. त्यांनी नुसता आतून रिकामा केला."

पोरांना ही चाल लई आवडली. दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतली टोळी बापांची धोतरं पांघरून निघाली. पहिल्या घरी केरसुणी बसली. दुसऱ्या घरी अंगावर गोमूत्र पडलं. तिसरं घर रशीदमियाँचं. त्यांच्या आईनं एकाचं धोतर वर केलं, "अगे, ये तो अपने मास्तर का पोट्टा है!" म्हणाली आणि सगळ्यांच्या हातावर खजूर ठेवले. तो पोट्टा माझाच होता. घरी त्याला आणखी एकदा केरसुणी मिळाली आणि ती अमेरिकन चाल उमरग्यातून उठली.

काका पुढच्या रविवारी सकाळी मला घेऊन टॉमच्या खुराड्याकडं गेले. नाकाला उपरणं, कारण कोंबड्यांचा वास त्यांना सोसत नव्हता. तशातच त्यांनी विचारलं, "सोंगाचं राहू द्या. खरंच एखादं लहान लेकरू गेलं, तर त्याचं तुमच्याकडं काय करतात?"

मी एक शब्दही न बदलता तर्जुमा केला. टॉमनं दाण्याचं भांडं खाली ठेवलं. म्हणाला, प्रार्थना करतात. जेवण वगैरे काही नाही.

काका "शुक्रिया" म्हणून वळले. त्यांची पाठ बघून मला भडभडून आलं.

"पण थांबा," टॉम म्हणाला. "माझं गाव मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून आहे."

"म्हणजे आपल्यासारखंच," काका थांबून म्हणाले. "आपल्याला कर्नाटक, त्यांना मेक्सिको."

शेजारी मेक्सिकोकडची एक आजी राहायची, टॉम सांगू लागला. त्या लोकांत मेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात. लहान लेकरं मोठ्यांच्या आदल्या दिवशी येतात, त्यांचा दिवस वेगळा. दारापासून झेंडूच्या पाकळ्या टाकतात. दूध, गोड पाव आणि खेळणी मांडतात. त्या आजीचा एक मुलगा पाळण्यात गेला होता. ती त्याच्यासाठी लाकडी घोडा ठेवायची.

"ऐकीव आहे की डोळ्यांनी पाहिलं, विचारा."

"पाहिलंय. तो घोडा फळीवरून मीच खाली उतरवून द्यायचो."

काका दाण्याच्या पोत्यावर बसले. उपरणं नाकावरून केव्हाच घसरलं होतं. एक कोंबडी त्यांच्या पायावरून गेली, तरी त्यांना पत्ता नाही. "मास्तर, मामला दुसऱ्या मुलखाचा आहे," ते पुटपुटले. "पण जिथं हुकूम नसतो तिथं बाहेरची नजीर चालते. चालते. का नाही चालणार?" आणि त्यांनी डोळे पुसले.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी काकांनी आम्हाला आणि टॉमला घरी बोलावलं. दसऱ्याचा झेंडू अजून फुलायचा होता, तरी त्यांनी कुठून तरी टोपलीभर पैदा केला होता. दारापासून ओसरीपर्यंत पाकळ्या. ओसरीवर केळीच्या पानाचा छोटा तुकडा, त्यावर वाटीभर दूध, पेढा आणि बाजारातून आणलेला नवा खुळखुळा. काका सोवळं नेसून पाटावर बसले. गोत्र म्हटलं, स्वतःचं नाव घेतलं. मग "कमळ" म्हणाले. इतक्या वर्षांच्या शेजारात मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होतो.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पानाकडं पाहिलं.

"दूध कशाला ठेवलंय? ती दूध थुंकायची."

काकांनी मान वर केली. "माझ्या हातनं प्यायची."

"प्यायची कसली? तुमच्या सदऱ्यावर सांडायची. तिला गूळ लागायचा. डब्याकडं बोट करून बसायची."

"बोट नाही. सगळा हात करायची."

"बरं, हात. पण गूळच."

काकू आत गेल्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. काका म्हणाले, एवढासाच? काकू म्हणाल्या, जास्त दिला की पोट बिघडायचं, तुम्ही कचेरीत असायचात, निस्तरत मी होते. काका म्हणाले, ताप आला त्या आठवड्यात मी रजेवर होतो. हो, होतात, काकू म्हणाल्या, तेवढं खरं. दोघांचे आवाज चढले होते आणि दोघांचेही डोळे वाहत होते.

टॉमनं मला हळूच विचारलं, हे भांडतायत कशावरून?

"त्यांची मुलगी जेवायला आलीय," मी म्हटलं.

काकूंनी दुधाची वाटी उचलली, गूळ ठेवला, खुळखुळा पानाच्या जवळ सारला. मग काकांना म्हणाल्या, "अन् जरा मागं सरका. तिला पान ओढून घ्यायची खोड होती."

काका मागं सरकले.