तीन मिनिटांच्या इंदूताई

इंदूताईंचं दार वाजवलं की आतून खणखणीत आवाज यायचा, "मी घरात नाही!"

आम्ही नगरला नवीन होतो तेव्हा हे ऐकून मी दोनदा खरोखरच परत फिरले. तिसऱ्यांदा मात्र विचारलं, "मग बोलतंय कोण?"

"मीच. पण घरात नाही."

इंदूताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. पन्नाशीला टेकलेल्या, बिनलग्नाच्या. रोज दुपारपर्यंत कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे आणि वेळ संपली की मध्येच "तीन मिनिटं झाली" म्हणून बजावायचं. कुणाचा बाप गेला, कुणाचं लग्न मोडलं, सगळं त्यांच्या कानावरून जाणार. घरी आल्यावर त्यांना माणसाचा आवाज म्हणून सोसत नसे. चुकून कुणाला आत घेतलंच, तर घड्याळाकडे बघून "तीन मिनिटं झाली" म्हणत उठून उभ्या राहायच्या. पुण्याहून आलेल्या सख्ख्या भावालाही अर्ध्या चहावरून उठवलं होतं. तो रागावला, तर म्हणाल्या, "राहिलेलं बोलायला परत कॉल लाव कधीतरी."

आमचा दूधवाला म्हणायचा, "बाई वाईट न्हाई, पन लई येगळी हाय. भांडं भाईर ठिवती आन् आतून म्हनती, वता."

बंद दाराआड बाई करते काय, हा आमच्या आळीचा जिव्हाळ्याचा विषय. ते दुष्काळाचं साल होतं. नळाला पाणी नसे, त्यामुळे नळापाशी बोलायला वेळ भरपूर. कुणी म्हणे सोनं मोजते, कुणी म्हणे जपजाप्य. शेजारच्या लीलावहिनींच्या मते आत कुणीतरी होतं. 'कुणीतरी' हा शब्द त्या फार चवीनं उच्चारायच्या.

शेवटी लीलावहिनींनी सत्यनारायणाचा प्रसाद पुढे केला. देवाला "तीन मिनिटं झाली" म्हणण्याची छाती इंदूताईंची नव्हती. कडी निघाली, आणि प्रसादाच्या वाटीमागून आम्ही पाचजणी आत घुसलो.

उंबऱ्याच्या आतच थबकलो. खोलीभर रांगोळीचं तळं पसरलं होतं. निळंशार, काठोकाठ भरलेलं. काठावर बगळे, पाण्यात ढग उतरलेले. आणि मधल्या एवढ्याशा मोकळ्या फरशीवर, गालाला निळा रंग लागलेल्या इंदूताई.

"अगंबाई, एवढं पाणी नळाला आलं असतं तर!" लीलावहिनी म्हणाल्या. "दारात काढा की हो. चार लोक बघतील."

"म्हणून तर आत काढते."

"मग हे असंच ठेवणार?"

"छे. संध्याकाळी झाडून टाकते. नाहीतर उद्या काय करू?"

ही बातमी गणपती मंडळापर्यंत गेली. अध्यक्ष स्वतः स्पर्धेचं बोलावणं घेऊन आले. पहिल्या नंबराला चांदीचा पेला होता.

"पेले चार आहेत घरात," इंदूताई म्हणाल्या, "आणि पिणारी मी एकटी."

त्या दिवसापासून आळीच्या लेखी त्या रीतसर वेड्या ठरल्या. 'कुणीतरी' नाही निघालं, याचा राग लीलावहिनींना जास्त होता.

त्याच हिवाळ्यात बेलापूरला माझी आई गेली. दिवस करून मी नगरला परतले, तर बायका येऊन बसायच्या. "शेवटी काही बोलल्या का हो?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं. चौथ्या दिवशी इंदूताई दारात उभ्या. आल्या कधी नव्हत्या.

"चला," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या खोलीत मला भिंतीशी बसवलं, हातात रांगोळीची वाटी दिली आणि स्वतः पाठ करून कामाला लागल्या. मी कसलीतरी वेल काढायला घेतली. वाकडीच आली. डोळ्यांतलं पाणी तिच्यावर पडलं, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. तास गेला असेल. काय झालं, कसं झालं, एक शब्द नाही.

मग चिमटीतली रेघ न थांबवता त्यांनी विचारलं, "आई घरात तुम्हाला काय म्हणायची?"

"छबी."

मी पस्तिशीची, दोन मुलांची आई. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

"छबे," इंदूताई म्हणाल्या, "तो लाल रंग दे बघू इकडे."