फेट्यानं धरलेली जागा

मोशीच्या थांब्यावर लार्स पहिला आठवडाभर रांगेत उभा राहिला. रांगेत तो एकटाच होता. बाकीची मंडळी बाभळीच्या सावलीत बसून त्याच्याकडे कौतुकाने बघत आणि एसटी आली की त्याला वळसा घालून चढून जात. लार्स प्रत्येकाला "आपण आधी" म्हणे आणि गाडी त्याला तिथेच सोडून निघून जाई. पोरगा होता डेन्मार्कचा. पुण्याला शेतकीचं शिकायला आलेला आणि कांद्याच्या अभ्यासासाठी हंगामभर आबाजींच्या घरी उतरलेला. कॉलेज बुडायला लागलं तेव्हा आबाजींनीच त्याला शहाणं केलं.

"रांगबिंग सोडा, लारसराव. गाडी थांबली की खिडकीतनं काय तरी आत टाकायचं. रुमाल, पिशवी, काय बी. मग सावकाश चढायचं. जागा आपली."

"आणि तिथे दुसरा कोणी बसला तर?"

"बसंल कसा? दुसऱ्याच्या रुमालावर कोन बसत न्हाई."

लार्सला हे फार आवडलं. इतका विश्वास आमच्या देशातही नाही, असं तो म्हणाला. मग त्याने आबाजींच्या गोठ्याच्या खिडकीत रुमाल टाकण्याचा सराव सुरू केला. म्हशीने दोन रुमाल खाल्ले, पण लार्सचा नेम पक्का झाला.

त्या चैत्रात आबाजींच्या मुलीची, इंद्रायणीची, सोयरीक जुळत आली होती. मुलाचे वडील निघोज्याचे यशवंतराव. घर चांगलं, मुलगा सरळ, इंद्रायणीच्याही मनात भरलेला. अडचण एकच, यशवंतराव मानपानाला भलते कडक. मागे एका ठिकाणी त्यांच्या आधी दुसऱ्याला विडा दिला, तर ते भरल्या बैठकीतून उठून आले होते. सुपारी फोडायला, सोयरीक जमवणाऱ्या चाकणच्या अर्जुनरावांच्या कांद्याच्या अडतीवर जमायचं ठरलं. आबाजींनी नवा गुलाबी फेटा बांधला आणि निघताना बायकोने, गोजाबाईंनी, बजावलं, "बोलू नका जास्त. निसतं फेटा सांभाळून बसा."

बाजार बघायला म्हणून लार्सही बरोबर निघाला. थांब्यावर ऊन मी म्हणत होतं. आबाजींनी बांधलेला फेटा अलगद उतरवला, "धरा जरा" म्हणून लार्सच्या हातात दिला आणि उपरण्याने टक्कल पुसायला घेतलं. तेवढ्यात एसटी आली. एक म्हातारी उतरली आणि खिडकीजवळची जागा मोकळी झाली. लार्सच्या हाताने विचार करायला उसंतच दिली नाही.

"आबाजी, जागा मिळाली!" तो आनंदाने ओरडला.

आबाजींनी डोळ्यावरचं उपरणं काढलं, तर फेटा गाडीत. ते दाराकडे धावले. कंडक्टर मारुतरावाने हात आडवा धरला.

"जागा न्हाई आबा, मागच्या गाडीनं या."

"आरं, माझा फेटा हाय आत!"

"मग जागा हाय की तुमची! पर पाय ठेवायला जागा न्हाई, तिथवर जानार कसं?" असं म्हणून त्याने घंटी मारली. फेटा बसून चाकणला गेला आणि आबाजी मोशीत उभे राहिले.

मागची गाडी कधी येईल याचा भरवसा नव्हता. कांद्याची एक लॉरी चाकणला निघाली होती, तिच्यावर दोघे चढले. पोत्यांवर उघड्या डोक्याने बसलेले आबाजी दुरूनही ओळखू येत होते. उघडं डोकं म्हणजे सुतक, असं समजून वाटेत जो तो हात जोडून विचारू लागला, "आबा, कोन गेलं?"

"फेटा गेला!" आबाजी ओरडत. लॉरीच्या आवाजात कुणाला नीट ऐकू जाईना आणि लोक आणखीच हळहळत.

शेवटी लार्सला ते बघवेना. त्याने आपली साहेबी टोपी काढून आबाजींच्या डोक्यावर ठेवली. टोपी कानांपर्यंत खाली आली.

"पोरीचं वाटोळं झालं," आबाजी म्हणाले. "यशवंतराव हे ध्यान बघतील आन् आल्या पावली माघारी जातील."

चाकणच्या स्टँडवर ती एसटी उभी होती. उतारू केव्हाच पांगले होते. खिडकीजवळच्या बाकावर फेटा जसाच्या तसा बसला होता आणि त्याच्या शेजारी, गाडी सगळी रिकामी असताना, एक गृहस्थ वरचा दांडा धरून उभे होते. भर उन्हात त्यांनी उपरण्याने डोकं आणि कान गच्च बांधले होते. लार्सने फेट्याला हात घातला तसे ते गरजले, "ओ साहेब! दुसऱ्याची वस्तू हाय ती!"

आबाजींनी आवाज ओळखला. ते यशवंतराव होते.

"रामराम," आबाजी टोपीखालून म्हणाले.

यशवंतरावांनी वाकून टोपीखाली बघितलं. "आबाजी? तुमी?"

आता लपवून उपयोग नव्हता. तरी आबाजी काही बोलायच्या आत लार्सने आपल्या शुद्ध मराठीत खुलासा केला, "हा फेटा यांचाच आहे. मीच तो आत टाकला. क्षमा असावी."

सोयरीक संपली, असं आबाजींनी मनाशी धरलं. पण यशवंतराव चिडले नाहीत. ते मटकन समोरच्या बाकावर बसले.

"तुमचा व्हय?" ते पडेल आवाजात म्हणाले. "मला वाटलं, याला मालक न्हाई. म्हनून सगळी गाडी रिकामी व्हायची वाट बघत हुतो. रिकामी झाली, तर दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू वाटंना."

"ते कशापायी?"

यशवंतरावांनी इकडेतिकडे बघून उपरणं सोडलं. आत साफ टक्कल होतं. "पोरीला लुगडं आनाया पुण्याला गेल्तो. जागा धरली फेटा टाकून, घोटभर पानी प्यालो, तवर गाडी सुटली. बरं, ती बी नगरची. आता उघड्या डोक्यानं पोरगी मागाया येऊ कसा? तुमी काय म्हनला असता?"

आबाजींच्या छातीवरचं ओझं असं उतरलं, की त्यांना हसू आवरेना. त्यांनी फेटा दोन्ही हातांनी उचलला आणि यशवंतरावांच्या डोक्यावर ठेवला.

"व्याह्याला मानाचा फेटा आमीच द्यायचा असतुया. अडतीवर द्यायचा, तो हितंच दिला."

"आन् तुमी?"

आबाजींनी टोपी कानांवर नीट ओढून घेतली.

अडतीवर सगळं निर्विघ्न पार पडलं. मुलीकडचे फारच सुधारलेले दिसतात, असं दोघातिघांनी टोपीकडे बघून बोलून दाखवलं. यशवंतरावांनी विडा दुसऱ्याला आधी मिळाला तरी हूं की चूं केलं नाही. सुपारी फुटली.

परतताना यशवंतराव स्टँडपर्यंत पोचवायला आले. मोशीची गाडी येऊन थांबली, समोरची खिडकी रिकामी दिसली आणि लार्सचा हात सवयीने वर गेला. दोन्ही व्याह्यांनी एकदम दोन्ही हातांनी आपापलं डोकं घट्ट धरलं. हात असे गुंतलेले, मग दाराचा दांडा धरणार कोण? गाडी भरली आणि निघून गेली.

"जागा गेली, आबाजी," लार्स हळहळला.

"जाऊ द्या, लारसराव," आबाजी डोक्यावरचे हात न काढता म्हणाले. "पोरीचं जमलं, डोस्कं झाकलेलं हाय. गाडी काय, मागनं येतीच की."