खेळाडू क्रमांक पाच

सुनेने दोन वर्षं खपून केलेल्या खेळाचा निकाल तपासनीसांनी एक मिनिट पन्नास सेकंदांत लावला, आणि गार व्हायच्या आत चहाही संपवला.

खेळ मोबाइलवरचा होता. त्यात उड्या नव्हत्या की गोळीबार नव्हता. एका वाचनालयातल्या बाईवर आरोप होता, की तिने एकतीस पुस्तकांची शेवटची पानं फाडली. खेळणारा म्हणजे समितीचा अध्यक्ष, आणि निकाल त्याने द्यायचा. 'निकाल द्या' हे बटण पहिल्या क्षणापासून पडद्याच्या कोपऱ्यात होतं. बाईचं पहिलंच वाक्य होतं, "हो, पानं मीच फाडली." आता याच्यावर आणखी काय ऐकायचं? तपासनीसांनी बटण दाबलं, 'दोषी' निवडलं, शिक्षेच्या जागी 'नोकरीवरून काढा' निवडलं. पडद्यावर अक्षरं आली, 'आपला निकाल नोंदवला. खेळ संपला.'

यात त्यांचा तसा दोष नव्हता. म्हणजे होता, पण सवयीचा होता. कपबश्यांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. पट्ट्यावरून कप यायचा, हे टिचकी मारायचे, आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, पास किंवा नापास. दिवसाला चार हजार कप. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी घरात नवा पेला आला की टिचकी मारल्याशिवाय पाणी पीत नसत. घरातले त्यांना बाबा म्हणत, पण आख्ख्या गल्लीत ते तपासनीसच होते.

खेळाखाली अभिप्रायाचा फॉर्म होता. त्यावर सुनेने लिहिलं होतं, 'नाव लिहू नका. मनात असेल ते मोकळेपणाने लिहा.' तपासनीसांनी ते अक्षरशः घेतलं. त्यांनी लिहिलं:

'१. खेळ सुरू व्हायच्या आत संपतो. २. बाईची बाजूच मांडलेली नाही. ३. याला दोन वर्षं लागली म्हणे. दोन तासांचं काम दिसतं. ४. नापास.'

'पाठवा' दाबून त्यांनी चष्मा काढला, तोच सून दारात उभी. ओले हात पुसत, डोळे मोठे करून. घरात त्यांचं मत मुद्दाम येऊन विचारणारी ती एकटीच होती. बायकोला त्यांचं मत न विचारताच मिळायचं, आणि मुलगा तर मत येतंय असं दिसलं की चप्पल घालायचा.

"बाबा, खेळलात?"

"हो तर!"

"मग? खरं सांगा हं."

खरं सांगायला ते तोंड उघडणार, इतक्यात त्यांना तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. "छान," ते म्हणाले. ते पुरेसं वाटेना. "फारच छान. माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"खरंच? कुठे आलं? कुठल्या भागात?"

"शेवटी शेवटी," तपासनीस म्हणाले.

"फॉर्म भरलात?"

"तो मेला फॉर्म काही जमला नाही बघ मला. मी आपलं तोंडी सांगतो."

सून हसत आत गेली. एका खोटेपणाला आधार म्हणून दुसरा लावला की भिंत पक्की होते, असा त्यांचा समज होता.

दुपारी जेवायच्या वेळी सुनेच्या पानातलं अन्न तसंच होतं. सहा जणांना खेळ पाठवला होता: तिची बहीण, दोन मैत्रिणी, सासूबाई, नवरा आणि बाबा. पाच फॉर्म आले होते. आणि एका प्रदर्शनासाठी खेळ पाठवायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत होती.

"मी नाही पाठवत," ती म्हणाली.

"का गं? मी तर चांगलं लिहिलंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फॉर्मवर 'नाव लिहू नका'च्या खालीच स्वतःचं पूर्ण नाव घालून लिहिलं होतं, 'बाई बिचारी किती वेळ उभी आहे. तिला बसायला खुर्ची द्यावी.'

"तुमचं नाही हो, आई. हा पाच नंबर." सुनेने मोबाइल वर धरला. "खेळाला चाळीस-पन्नास मिनिटं लागतात. या माणसाने एक मिनिट पन्नास सेकंदांत बाईला नोकरीवरून काढलंय. आणि वर म्हणतो, बाईची बाजूच नाही! तिला एक प्रश्न तरी विचारायचा ना. कपाट उघडायचं, कप्पे बघायचे. मी दोन वर्षं तिची बाजूच तर लिहीत होते."

तपासनीसांनी उचललेला घास परत पानात ठेवला. चाळीस मिनिटं? कपाट? कप्पे?

"असतात एकेक मूर्ख," मुलगा म्हणाला. तो खुर्च्या विकणाऱ्या कंपनीत होता आणि गिऱ्हाइकाचं समाधान करायची त्याला सवय होती. "तू मनाला लावून घेऊ नकोस. मी खेळलो ना, भारी झालाय."

"मूर्ख कसला? तो बरोबर आहे. माझा खेळ माणसाला दोन मिनिटं धरून ठेवत नाही, हा माझाच दोष. बाबा, तुम्ही सांगा. तुम्हाला कधी असं वाटलं का, की बाईची बाजू कळत नाही?"

"छे," तपासनीस पानात बघत म्हणाले. "लख्ख कळते."

जेवण झाल्यावर ते मोबाइल घेऊन गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून पुन्हा पहिल्यापासून खेळले. या वेळी बटणाला हात न लावता त्यांनी बाईला विचारलं, 'पानं का फाडलीत?' ती म्हणाली, 'छप्पर गळत होतं. भिजलेली पानं पुस्तकाला चिकटून सडायच्या आत काढली. घरी वाळवून हाताने उतरवून काढतेय.' तपासनीसांनी तिच्या टेबलाचा पहिला कप्पा उघडला. त्यात सुवाच्य अक्षरांत उतरवलेली एकोणतीस पानं होती. दुसऱ्यात दोन राहिलेली, सुरकुतलेली. तिसऱ्यात पत्रांच्या प्रती. छप्पर दुरुस्त करा, म्हणून तिने समितीच्या अध्यक्षांना चार वर्षांत अकरा पत्रं लिहिली होती. उत्तर एकालाही नव्हतं. आणि अध्यक्ष कोण? तर खेळणारा. म्हणजे हेच.

टाकीची सावली सरकून ऊन डोक्यावर आलं, तरी ते हलले नाहीत. सुनेला आपण सकाळी काय लिहिलं, ते शब्दन्‌शब्द आठवून त्यांचे कान तापत होते. दोन तासांचं काम! बोटांनी कसंबसं चष्म्याआडचं पाणी पुसत त्यांनी नवा फॉर्म भरला. 'खेळ उत्तम आहे. मी आधी ऐकूनच घेतलं नव्हतं. चूक खेळाची नाही, माझी आहे. कृपया खेळ पाठवावा.' नाव नाही, गाव नाही. कुणीतरी सातवा भला माणूस लिहितोय, असं सुनेला वाटेल आणि प्रकरण मिटेल, असा त्यांचा हिशेब होता.

पण नंबर माणसाला नव्हे, मोबाइलला पडत होता.

साडेचारला चहा करायला म्हणून सगळे स्वयंपाकघरात जमले, तेव्हा सुनेचा चेहरा उजळलेला होता. "पाच नंबर परत खेळला! एक तास दहा मिनिटं! हे बघा काय लिहिलंय." तिने मोठ्याने वाचून दाखवलं. तपासनीसांनी कपाला टिचकी मारली. कप चांगला होता. त्यांनी परत मारली.

"पण हा आहे तरी कोण?" सासूबाईंनी विचारलं.

आणि सुनेच्या कपाळावर आठी पडली. "थांबा हं. बहिणीचा फॉर्म मला माहितीये, मैत्रिणींनी फोन करून सांगितलं, आईंनी नाव घातलंय. बाबांना फॉर्म जमलाच नाही. मग पाचवा फॉर्म..." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तू?"

मुलाचा हात बिस्किटांच्या डब्यात राहिला.

"तोंडावर भारी म्हणालास आणि मागून नापास? दोन तासांचं काम?"

सांगायला नको वाटतं, पण क्षणभर तपासनीसांना हायसं वाटलं. आरोपी मिळाला होता आणि तो ते स्वतः नव्हते. एवढ्यात पोरगा 'मी नाही' म्हणेल आणि सगळं उघडं पडेल, या भीतीने त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हो," मुलगा म्हणाला. "मीच."

तपासनीसांनी डोळे उघडले.

"चुकलंच माझं," मुलगा खाली मान घालून म्हणत होता. "सकाळी घाईत होतो. पण मग मनाला लागलं गं. म्हणून परत नीट खेळलो."

"एक तास दहा मिनिटं?" सुनेचा आवाज बदलला. "माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी?"

सुनेचे डोळे भरले. तिने स्वतःच्या कपातला अर्धा चहा त्याच्या कपात ओतला. इकडे तपासनीसांनी कप खाली ठेवला. पोराने सगळं ओळखलं, आणि बापाची लाज राखायला आळ स्वतःवर घेतला! याला आपण आजवर काय काय म्हणालो! आळशी म्हणालो, बोलबच्चन म्हणालो. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला आणि डोळ्यांनी खूण केली, की गप्प बसा. म्हणजे अजूनही तो बापालाच वाचवत होता! आता मात्र त्यांच्याने राहवेना. ते खुर्ची मागे सारून उभे राहिले.

"तो नाही," ते म्हणाले. "पाच नंबर मी आहे."

"बाबा, बसा ना तुम्ही," मुलगा घाईघाईने म्हणाला. "उगाच काहीतरी."

"नाही! तू माझ्यासाठी बोलणी खाल्लीस, ते मी विसरणार नाही. पण आता पुरे. सकाळचा फॉर्म माझा, दुपारचाही माझा. डोळ्यांत पाणी आलं म्हणालो, ते खोटं. फॉर्म जमला नाही, तेही खोटं."

सुनेने आधी सासऱ्यांकडे पाहिलं. मग बोटांवर मोजायला सुरुवात केली. बहीण, मैत्रीण, मैत्रीण, आई, बाबा. बोटं संपली. ती सावकाश नवऱ्याकडे वळली.

"मग तुझा फॉर्म कुठाय?"

तपासनीसांना अजून उलगडा झाला नव्हता. तो मुलाच्या चेहऱ्याकडे बघून झाला. पोरगा खेळलाच नव्हता. एक सेकंदसुद्धा नाही. बापाच्या लाजेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. न खेळलेल्यापेक्षा वाईट खेळलेला बरा, एवढाच सौदा त्याने केला होता, आणि त्यात एक तास दहा मिनिटांचं पुण्य फुकट पदरात पडत होतं. ते बापाने भर टेबलावर ओढून काढलं होतं.

"मी सांगत होतो ना, बसा म्हणून," मुलगा कळवळून म्हणाला.

सुनेने आवाज चढवला नाही. आपला मोबाइल नवऱ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "आतल्या खोलीत जा. पहिल्यापासून खेळ." मग सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, बाहेर या जरा."

व्हरांड्यात दोन खुर्च्या होत्या. तपासनीस बसले नाहीत. "मला काही म्हणायचं नाही," ते म्हणाले. "मी दोषी आहे. तुझा खेळ चांगला आहे, तो पाठव, आणि माझं मत यापुढे विचारू नकोस." एवढं बोलून ते आत जायला वळलेसुद्धा.

"इतक्यात कुठे निघालात? मी अजून काही विचारलंच नाही. बसा."

ते बसले.

"सकाळी छान म्हणालात, ते खोटं होतं. मग दुपारी उत्तम लिहिलंत, ते खरं कशावरून?"

चौतीस वर्षं ज्यांच्या शब्दावर कप पेटीत नाहीतर भंगारात गेला, त्यांच्या शब्दाला घरात आता शून्य किंमत होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या तोंडाने घालवली होती. त्यांनी वाकून चपलेचा अंगठा नीट केला.

"तिसरा कप्पा उघडला ना," ते म्हणाले, "तेव्हा मला आमचा एक भट्टीवाला आठवला. एका महिन्यात मी त्याचे इतके कप नापास केले, की त्याला काढला. तीनदा आला होता माझ्या टेबलापाशी. साहेब, जरा ऐकता का, म्हणाला. मी म्हटलं, कपाचा आवाज ऐकलाय, तुझा ऐकायची गरज नाही. सगळे हसले तेव्हा. मीही हसलो. वीस वर्षं झाली. आज गच्चीत बसलो आणि घामच फुटला मला."

सुनेने हळूच विचारलं, "काय सांगायचं होतं त्याला?"

"माहीत नाही," तपासनीस म्हणाले. "मी विचारलंच नाही गं."

त्यांनी चष्मा काढला आणि या वेळी सुनेने पाणी कुठल्या भागात आलं ते विचारलं नाही. तिने घड्याळात पाहिलं. सहाला वीस मिनिटं होती. "बसा, मी खेळ पाठवून येते," म्हणत ती उठली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलाचा खुशीतला आवाज आला, "अगं, सोप्पं आहे की! बाई स्वतःच कबूल करतेय. दाबू का निकाल?"

"खबरदार!" तपासनीस ओरडले, आणि पायातली चप्पल न काढताच आत धावले.