दोरवाले केशवभाऊ

केशवभाऊंच्या पुतणीला पाहायला रोहण्याहून पाहुणे आले होते. मुलगा शिकलेला, घरी ओलिताची शेती, दिसायलाही ठीक. पोहे झाले, चहा झाला, मुलीला दोन-चार प्रश्न विचारून झाले. मुलाचे वडील घसा साफ करून म्हणाले, "तुमच्या इकडून काही इचारायचं असन तं इचारा." तसे केशवभाऊ उठले, मधल्या दाराच्या चौकटीकडे बोट केलं आणि मुलाला म्हणाले, "बाबू, जरा लटकून दाखव."

पाहुण्यांना ही थट्टा वाटली. पण केशवभाऊ असल्या बाबतीत थट्टा करत नसत. मुलगा बिचारा आज्ञाधारक. इस्त्रीची पँट सांभाळत त्याने चौकटीच्या वरच्या लाकडाला बोटं अडकवली, गुडघे मुडपले आणि लोंबकळू लागला. त्याचे वडील, मामा आणि मध्यस्थ माना वर करून बघत होते. केशवभाऊंनी जवळ जाऊन त्याची बोटं निरखली. "अंगठ्यावर भार नोको देऊ," अशी सूचना केली. मुलगा लालबुंद झाल्यावर म्हणाले, "उतर. पोट्टा पक्का हाय. धरलं का सोडत नाई." लग्न झालं, संसारही चांगला झाला. त्याचं सगळं श्रेय केशवभाऊ त्या चौकटीला देत.

सिंदीला स्टेशनाकडून बाजारात शिरलं की डाव्या हाताला केशवभाऊंचं दुकान. कासरे, दावी, सुतळी, बाजेची नवार, जे म्हणून बांधता येईल ते सगळं तिथं मिळे. गिऱ्हाईकाने दोर मागितला की केशवभाऊ तो आढ्याच्या बल्लीवर टाकत आणि स्वतः त्याला लोंबकळून दाखवत. नवीन माणूस घाबरून दोन पावलं मागे सरे. जुनी गिऱ्हाइकं तोवर तंबाखू मळून घेत.

आता सिंदी हे गाव कसं आहे, तर ताटासारखं सपाट. कापसाचा सीझन आला की जिनिंगच्या आवारात गंज्या लागतात, तेवढाच काय तो आमच्याकडे डोंगर. अशा गावात या माणसाने गिर्यारोहण मंडळ काढलं होतं. त्याचं असं झालं की सत्तर सालानंतर कधीतरी ते आईला घेऊन बद्रीनाथाला गेले. वाटेत एका कड्यावर जवान दोर बांधून चढत होते. केशवभाऊ तिथंच उतरले. आई बद्रीनाथाचं दर्शन घेऊन परत आली, तरी हे कड्याखाली उभेच. घरी आले ते हे वेड घेऊन आणि आल्या आल्या मुंबईहून एक नायलॉनचा दोर मागवला. तो दोर ते देवघरात ठेवत. त्याला कुणी ओलांडून गेलं तर त्याला परत मागे जाऊन वळसा घालून यावं लागे.

मंडळात आम्ही मोजके लोक टिकलो. सरकी-ढेपेचे व्यापारी मोतीसेठ, प्रेसमध्ये कापसाच्या गठाणी बांधणारा सुदाम आणि शाळामास्तर मी. मोतीसेठचं पोट त्यांच्या आधी कड्याला टेकायचं. मी तर शिडीवर चढलो तरी मला घेरी येई. मग मी कसा अडकलो? एकदा खडूचा डबा बांधायला सुतळी आणायला गेलो होतो. केशवभाऊंनी माझा हात हातात घेतला, बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, या बोटाइचं तुम्ही वाटोळं करून राह्यले. आइतवारी येजा."

रविवारी सकाळी आम्ही मोतीसेठच्या ढेपेच्या मेटॅडोरमध्ये बसून हिंगणीच्या पुढच्या टेकड्यांकडे जात असू. तिथं हत्तीगोटा नावाचा एक उभा खडक आहे. त्याच्या पाठीमागून बकऱ्यांची सोपी वाट आहे. मोळ्या घेऊन बाया त्या वाटेने बोलत बोलत वर जात आणि समोरून लटकलेल्या आम्हा चौघांकडे पाहून पदर तोंडाला लावत. एकदा एकीने न राहवून विचारलं, "काऊन जी, वाट गवसली नाई काय?" केशवभाऊंनी खडकावरूनच उत्तर दिलं, "बाई, ते वाट बकऱ्याइची हाय!" बाईच्या डोक्यावर मोळी होती म्हणून बरं, नाहीतर तिने कपाळावर हात मारून घेतला असता.

त्यांचा एक मंत्र होता. "तीन पक्के, एक मोकळा." म्हणजे दोन हात, दोन पाय यांतले तीन खडकाला घट्ट धरून असावेत आणि चौथाच हलवावा. हा मंत्र ते कुठंही वापरत. मोतीसेठ नवा धंदा काढतो म्हणाले की यांचा प्रश्न, "तीन पक्के हायत काय?" सुदामचं लग्न ठरलं, तेव्हाही हेच. चार पक्ष फिरून आलेल्या पुढाऱ्याला तर भर चौकात ऐकवलं, "तुमचे तं चारही मोकळेच दिसते जी!"

आणि एक नियम होता, तो मात्र गमतीचा नव्हता. जो दुसऱ्यासाठी दोर धरत नाही, त्याने स्वतःला दोर बांधायचा नाही. वर बसून दोर धरणाऱ्याच्या हातात खालच्याचा जीव असतो. मोतीसेठ एवढे गावातले सेठ, पण सुदाम चढत असला की ते घामाघूम होऊन दोर धरून बसत. सगळे वर पोचले की गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी रटरटवायची आणि पानावर बसून एकमेकांच्या चुका काढायच्या. वरणाची बरणी, तुपाची वाटी, मिरचीचा ठेचा हे सगळं वहिनी बांधून देत. शांतावहिनी म्हणजे केशवभाऊंच्या पत्नी. घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं.

मग एका वर्षी केशवभाऊ आम्हाला गाठी शिकवायला लागले. गाठी आम्हाला येत होत्या. तरी दर वेळी, "मोती, बांधून दाखव पाहू," "मास्तर, तुम्ही बांधा." आम्हाला वाटलं, म्हातारपणाची सुरुवात. एक दिवस दुकान उघडायच्या वेळी मी सहज तिथून जात होतो. केशवभाऊ कुलपात किल्ली घालून उभे होते आणि किल्ली फिरत नव्हती. कुलूप ठीक होतं. हातच फिरत नव्हता.

वर्ध्याला दाखवलं, नागपूरला दाखवलं. पुढच्या रविवारी हत्तीगोट्याखाली त्यांनी आम्हाला बाजारभाव सांगावा तसं सांगितलं, "डॉक्टर म्हंते, मास वाळत जाईन. आंधी हात, मंग पाय. दवा नाई म्हंते." सुदाम रडायला लागला. केशवभाऊ त्याच्यावर खेकसले, "अबे, रडून काय राह्यला? भाजीले फोडणी दे."

आम्ही तिघांनी ठरवलं की केशवभाऊंना खडकावर न्यायचंच. आता यात अक्कल कुणाची चालावी, तर सुदामची, कारण वजनदार वस्तू वर चढवणं हा त्याचा रोजचा धंदा. त्याने प्रेसमधून कप्पी आणली आणि वरच्या धावड्याच्या झाडाला टांगली. दोर काचू नये म्हणून केशवभाऊंना बारदान्यात गुंडाळलं. बारदाना गठाणीचाच होता, त्यामुळे त्यांच्या छातीवर ठळक अक्षरांत 'हुक लावू नये' असं छापलेलं आलं. सुदामने सवयीने गुडघा टेकवून गाठ आवळली आणि मागच्या वाटेने वर जाऊन आम्ही ओढायला लागलो.

केशवभाऊ हवेत गरगर फिरत वर निघाले. एकदा तोंड आमच्याकडे, एकदा जंगलाकडे. तोंड आमच्याकडे आलं की सूचना येत, "हळू! झटके नोका देऊ!" आणि जंगलाकडे वळले की शिव्या. मोळीवाल्या बाया आज मोळ्या खाली ठेवून बसल्या होत्या.

वर पोचले, पण गाठ सुटेना. गठाणीची गाठ सोडायची नसतेच, ती तोडायची असते, आणि हे सुदामच्या ध्यानात आलं ते दातांनी ओढून ओढून दात दुखायला लागल्यावर. मी भाजी चिरायचा विळा उचलला. "मास्तर! दोर कापसान तं याद राखजा!" झालं. केशवभाऊ बारदान्यात तसेच बसले. मोतीसेठने रोडग्याचा घास तुपात बुडवून त्यांना भरवला आणि केशवभाऊंनी तो चावता चावता भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. आम्ही हसलो, तेही पोटभर हसले. संध्याकाळी एका मोळीवालीने काडी खुपसून ती गाठ सोडवली.

पुढच्या रविवारी केशवभाऊ मेटॅडोरपाशी आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

मी घरी गेलो. ते बाजेवर बसले होते, हात मांडीवर ठेवलेले. मी खूप बोललो. हवा, मन रमणं, जे जे म्हणून आजाऱ्याला सांगतात ते सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, त्या दिशी मी चढलो नाई. मले चढवलं. मी काय गठाण हाओ? तुम्ही माह्यासाठी दोर धरान. मी कोणाचा धरू? या हातानं?" त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला. तो अर्ध्यातून खाली आला. इतक्या वर्षांत मी या माणसाला वैतागलेला पाहिला होता, संतापलेला पाहिला होता, पण हरलेला पाहिला नव्हता.

आत वहिनी तुरीची डाळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला आणि त्या दारात आल्या.

"दोर काय हातानंच धरा लागते?"

"तं कशानं धरतेत?" केशवभाऊ चिडून म्हणाले.

"आपली म्हैस एवढी हिसके देते, खुट्याले हात हायत काय?"

मला हसू आवरेना. कारण कमरेभोवती दोर घेऊन, खडकाला पाय रोवून अंगाच्या भाराने माणूस धरता येतो, हे त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. हाताने फक्त ढील आवरायची. तेवढी मोतीसेठ आवरतील.

"आणि सुटला तं?" केशवभाऊ म्हणाले. "मोतीले लेकरं हायत. सुदामची बायको पोटुशी हाय. लोकाइच्या जिवाशी मी खेळत नाई."

"मंग माह्या जिवाशी खेळा," वहिनी म्हणाल्या. "मी चढते."

एवढं बोलून त्या पुन्हा डाळ पाखडायला बसल्या.

त्या रविवारी मेटॅडोरमध्ये पुढे वहिनी बसल्या आणि आम्ही ढेपेच्या पोत्यांवर. केशवभाऊंचे पाय अजून चालत होते. जन्मात पहिल्यांदा ते बकऱ्यांच्या वाटेने वर निघाले. एका बाजूने मोतीसेठ, दुसऱ्या बाजूने मी. वाटेत मोळीवाल्या भेटल्या. कुणीही पदर तोंडाला लावला नाही. एकीने तर मोळीसकट बाजूला होऊन वाट दिली.

वर त्यांना धावड्याच्या बुंध्याशी बांधून बसवलं, पाय खडकाच्या उंचवट्याला टेकवले, दोर कमरेभोवती घेतला. मागे मोतीसेठ दोराचं टोक घेऊन बसले. खाली सुदामने वहिनींना दोर बांधला. सोडता येईल अशी गाठ आहे ना, हे मी वरून तीनदा विचारलं. वहिनींनी लुगड्याचा काष्टा खोचला, खडकाला हात लावून नमस्कार केला आणि चढायला लागल्या.

केशवभाऊंना बसल्या जागेवरून त्या दिसत नव्हत्या. ते डोळे मिटून, मान खाली घालून बसले होते. "आता उजवा पाय उचलला तिनं," ते पुटपुटत. मी कड्यावरून वाकून पाहत होतो. खरंच उजवा असे. दोरच सांगत होता त्यांना.

अर्ध्यावर वहिनींचा पाय निसटला.

दोर ताडकन ताठ झाला. केशवभाऊ पुढे खेचले गेले, चेहरा पांढराफटक पडला, पण पाय खडकाला रुतल्यासारखे राहिले. मी घाबरून मोतीसेठकडे वळून पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या हातातलं टोक सैलच होतं. सगळा भार केशवभाऊंनी घेतला होता.

"धरली हाय," केशवभाऊ म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. मग जोरात, खालच्या दरीला ऐकू जाईल असे ओरडले, "शांते, धरली हाय तुले! सावकाश ये!" इतकी वर्षं त्यांच्या घरी जातो, पण वहिनींचं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

वहिनी वर आल्या. कोपर खरचटलं होतं, कपाळाचं कुंकू घामाने ओघळलं होतं. सुदाम मागच्या वाटेने धावत आला. वहिनींनी आम्हा कुणाकडे पाहिलं नाही. केशवभाऊंसमोर जाऊन बसल्या, दम खाल्ला.

"भेली काय?" केशवभाऊंनी विचारलं.

"कायले भेऊ? तुम्ही होते ना."

डोळे पुसायला केशवभाऊंचा हात काही उठेना. तेव्हा वहिनी सरकून जवळ गेल्या आणि त्यांनी पदराने त्यांचं तोंड पुसलं, अगदी सावकाश, लहान मुलाचं पुसावं तसं. मग त्यांना आमची आठवण झाली असावी. कारण केशवभाऊ एकदम आमच्यावर ओरडले, "काय पाहून राह्यले इकडं? तिकडं पाहा, बोरचं धरण दिसते!"

आम्ही तिघेही पाठ फिरवून बसलो. हत्तीगोट्यावरून बोरचं धरण दिसत नाही. तरी आम्ही ते बराच वेळ पाहत होतो.