टबापाशी हणमंत आप्पा

लोक लग्नात गेले की नवरा-नवरी बघतात, जेवण बघतात, कुणी कुठली साडी नेसलीय ते बघतात. आमचे हणमंत आप्पा खरकट्याचा टब बघतात. म्हणजे जेवून झालं की ताटं जिथं टाकतात ना, तो निळा प्लॅस्टिकचा टब. आप्पा त्याच्या शेजारी उभे. पाय जुळवून, हात मागं बांधून, छाती पुढं. प्रत्येक ताट तपासणार, मगच पुढं सोडणार. कुणाच्या ताटात अर्धी जिलेबी दिसली की संपलंच.

"ओ पावणं, थांबा. ह्या जिलेबीनं काय गुन्हा केलाय?"

पाव्हणा हसतो. त्याला वाटतं गंमत चाललीय.

"न्हाई, गुन्हा सांगा. मग टाका."

कराडातला एक सूट घातलेला बिल्डर टबाशेजारी उभा राहून, सगळ्यांदेखत, मुकाट जिलेबी संपवताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय! आणि आप्पा शेजारून म्हणतायत, "पाक बी पुसून घ्या. शाब्बास जवान."

तर आधी सांगते, आप्पा कोण. कराडजवळच्या मलकापुरात आम्ही पाच जणांनी मिळून एक ग्रुप काढलाय. लग्नं, बारसं, वाढदिवस, कुठंही चांगलं अन्न उरलं की कार्यालयाचा मॅनेजर आम्हाला फोन करतो. आम्ही टेम्पो घेऊन जातो, भांडी भरतो आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत पोचवतो. टेम्पो मी चालवते. हणमंत आप्पा आमच्यात सगळ्यात मोठे, साठीच्या पुढचे. आख्खी नोकरी लष्करात मेसवर स्वयंपाकी म्हणून केली. बायको गेली, मूलबाळ नाही. पहिल्या मीटिंगला आले तेच स्वतःचा वाढायचा डाव घेऊन. आम्ही विचारलं, "आप्पा, हा कशाला?" तर म्हणाले, "बंदूक सोडून शिपाई येतो व्हय?"

मला ते सरपंच म्हणतात. का, ते आजवर कळलेलं नाही.

अन्न चांगलं आहे की आंबलंय, हे तपासायची त्यांची पद्धत बघायला कार्यालयातले आचारी कामं टाकून येतात. भाताच्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालणार. डोळे मिटून आमटीचा वास घेणार. पनीरच्या भाजीला तर कान लावणार! काय ऐकू येतं देव जाणे. अन्नाला त्यांनी हुद्दे दिलेत. भात म्हणजे जवान, कुठंबी तग धरतो. डाळ म्हणजे सुभेदार, भरवसा ठेवायचा पण नजर बी ठेवायची. पनीर म्हणजे नवा साहेब, जरा ऊन लागलं की पडला. आणि मठ्ठ्याचं नाव काढलं की, "ते गद्दार हाय. हितंच वता."

वाढायचं तेही रांगेत बसवूनच. हातात पिशवी कोंबून पळायचं नाही. एकदा एका पुढाऱ्यानं वाढदिवसाचं जेवण दिलं आणि कॅमेरावाला घेऊनच आला. त्याला एका म्हातारीच्या हातात बुंदीचा लाडू ठेवताना फोटो पाहिजे होता, तिनं हात जोडलेले असतील असा. आप्पांनी त्याच्या हातात डाव दिला. "पैलं वाढा सायेब. दोनशे पानं झाली की फोटू." बाराव्या पानाला साहेबांना अर्जंट फोन आला. त्यानंतर त्यांच्याकडून अन्न येणं बंद झालं. आम्ही आप्पांवर चिडलो. कारण खरं सांगायचं तर आम्हालाही ते फोटो हवे असतात, फोटो टाकले की चार जण मदत करतात. आप्पा म्हणाले, "भुकेल्या माणसाला हात जोडाय लावून जेवाय घालायचं आसंल, तर त्यापरास टबात टाका."

हे ऐकायला भारी वाटतं. रोज ऐकायला लागलं की नाही वाटत.

मग कार्यालयांच्या तक्रारी सुरू झाल्या. पाव्हण्यांचा अपमान होतोय, त्या म्हाताऱ्याला आवरा. आम्ही ग्रुपवर मतदान घेतलं. हो, आप्पांसाठी मतदान! चार विरुद्ध एक. एक मत आप्पांचंच. ठरलं असं की आप्पांनी टबापाशी उभं राहायचं नाही. कार्यालयात मागच्या दारानं जायचं, भांडी भरायची, मागच्या दारानं बाहेर यायचं. सांगायचं काम माझ्यावर आलं. मी दहा मिनिटं घुमवून घुमवून सांगितलं. आप्पांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. "ऑर्डर हाय ना सरपंच? मग झालं की."

पण तोवर त्यांच्या घरात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आप्पांना एक बहीण, सुनंदाताई, पलूसला दिलेली. तिची मुलगी स्नेहल. ती कॉलेजला असताना आप्पांकडेच राहिली, मलकापुरात. रोज सकाळी आप्पा तिला डबा करून द्यायचे आणि संध्याकाळी उघडून तपासायचे. एक घास शिल्लक असला तरी चौकशी. ती म्हणे एकदा वैतागून बोलली, "मामा, मी काय तुझ्या पलटणीत हाय का?" हे सांगताना आप्पा अजून हसतात. स्नेहलचं लग्न फलटणच्या स्थळाशी ठरलं तेव्हा आप्पांनी सफारी शिवायला टाकली. मुलीला मांडवात घेऊन यायचा मान मामाचा! आणि स्नेहलला मामा एकच.

पलूसला साखरपुडा झाला. नवऱ्या मुलाचे वडील मोठं प्रस्थ. त्यांनी ताटात चार गुलाबजाम घेतले, एक खाल्ला, बाकीचे तसेच ठेवून ताट टबात टाकलं. आप्पांनी ते ताट टबातून उचललं, पन्नास माणसांतून चालत गेले आणि व्याह्यांच्या समोर ठेवलं.

"जवान, थाली साफ."

पुढचं सांगायला नको. सासरची सगळी मंडळी उठली. लग्न मोडता मोडता राहिलं. सुनंदाताईंनी दारात उभ्या राहून भावाला सांगितलं, आता तू लग्नाला येऊ नकोस.

आप्पांनी हे कुणाला सांगितलं नाही, मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. आप्पा आपले म्हणायचे, "येतीया की पत्रिका. घरची पत्रिका पोस्टानं येत नसतीया, बहीण सोता आणणार." संक्रांत गेली. टेम्पोत बसल्या बसल्या ते मला विचारायचे, "सफारीवर फेटा बरा दिसंल का टोपी?" मी म्हणायचे, फेटा. काय म्हणणार होते दुसरं?

त्या शनिवारी साडेअकराला मलकापुरातल्याच एका कार्यालयातून फोन आला. नाश्त्याचं उपीट लय उरलंय, न्या, आणि थांबून दुपारचंही न्या. आप्पांच्या घरापासून ते कार्यालय चार मिनिटांवर. आम्ही मागच्या बाजूला टेम्पो लावला. आप्पा उतरून भटारखान्यात शिरले. मी मॅनेजरला शोधायला पुढं गेले आणि कमानीवर थर्माकोलची अक्षरं वाचली. स्नेहल.

पलूसवाल्यांना आणि फलटणवाल्यांना मधलं पडतं म्हणून मलकापूर! त्यांच्याच गावात!

मी पळत मागं आले. म्हटलं, काहीतरी थाप मारू, गाडी काढू. तर सुनंदाताई तिथं पोचल्या होत्या, गरम पाणी सांगायला आलेल्या. भाऊ-बहीण उपिटाच्या पातेल्याच्या दोन बाजूंना उभे.

"दादा? तुला कुणी सांगिटलं?"

"कुणी न्हाई. उपीट न्यायला आलोय."

"खोटं बोलू नगंस."

"हिला इचार." आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. मी मान हलवली.

"दादा, दोन तास. फकस्त दोन तास. तू पुढं आलास तर तिचा सासरा मांडवातनं उठंल. पाया पडून त्येला आणलाय मी."

"मी कायबी बोलणार न्हाई."

"तू बोलतोसच."

खरंच होतं ते.

"बरं," आप्पा म्हणाले. "पोरीला मांडवात कोण आणतंय मग?"

"ह्यांच्या बँकेतलं जाधव सायेब हायती."

"उंच हायत का?"

"आं?"

"न्हाई, पोरगी उंच हाय. शेजारी बरं दिसाय पायजे."

सुनंदाताईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "हितंच ताट पाठवून देते, जेवून जा." आप्पा म्हणाले, "ड्यूटीवर हाय मी." मग कुणीतरी त्यांना हाक मारली आणि त्या गेल्या.

आम्ही पातेलं उचललं, एक कडी माझ्या हातात, एक आप्पांच्या. तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मंडपात यावं." नेहमीसारखं कुणी वेळेवर आलं नाही. परत आवाज आला, "मुलीचे मामा कुठं आहेत? मामा, मुहूर्त टळतोय, लवकर या."

आप्पांच्या हातून कडी सुटली नाही. पण त्यांचा उजवा पाय पुढं गेला. दाराच्या दिशेनं, अर्धं पाऊल. तिथंच थांबला. मग सनई वाजायला लागली, म्हणजे जाधव साहेब सापडले असणार.

"उचल सरपंच," आप्पा म्हणाले. "गार हुतंय."

मंगलाष्टकं चालू असताना आम्ही उपीट टेम्पोत चढवलं. मी म्हटलं, दुपारचं जेवण राहू दे, जाऊ आपण. आप्पा म्हणाले, "का? तिच्या लग्नातलं टाकून द्यायचं?" मग आम्ही दोन तास टेम्पोत बसलो. नेमका टब मागच्या भिंतीला ठेवलेला, समोरच दिसत होता. ताटं पडत होती. जिलेब्या, पुऱ्या, भाताचे ढीग. आप्पा बघत होते. त्यांच्या जबड्याची हाडं हलत होती, पण तोंड एकदाही उघडलं नाही. मला त्या वेळी आमचं ते मतदान आठवलं आणि कुठं तोंड लपवावं कळेना.

सगळं भरून चार वाजता आम्ही ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांवर गेलो. बीडकडची टोळी, मोकळ्या रानात उतरलेली. आप्पांनी सगळ्यांना रांगेत बसवलं आणि वाढायला लागले. रोजच्यापेक्षा हळू. प्रत्येक पानापाशी वाकून आग्रह, "आनी एक घ्या, लग्नाचं हाय, लाजायचं न्हाई." रांगेच्या टोकाला एक म्हातारी होती.

"कुणाचं लगीन व्हतं?" तिनं विचारलं.

"माझ्या भाचीचं."

मी चमकून बघितलं. म्हातारीनंही वर बघितलं, आप्पांच्या कळकट शर्टाकडं, हातातल्या डावाकडं.

"आन् मामा हितं?"

"मग? वाढाय नगं का कुणी?"

म्हातारीला ते पटलं असावं. तिनं बुंदी तोंडात टाकली. "कुठं दिली लेक?"

"फलटणला."

"आता गं बया! फुडल्या साली आमची टोळी फलटणलाच हाय. मुकादमानं तिकडच्या कारखान्याची उचल घेतलीय. गाव सांगा, नाव सांगा, लेकीला भेटून यीन की मी. काय निरोप देऊ?"

आप्पांनी नाव सांगितलं. गावही सांगितलं. निरोपाशी मात्र अडकले. एवढा बोलणारा माणूस, डाव हातात धरून तसाच वाकलेला. मागची पोरं भात मागत होती, त्यांनाही ऐकू येत नव्हतं. म्हातारी खायची थांबून वाट बघत होती.

"म्हणावं," शेवटी ते म्हणाले, "जेवण लय झ्याक झालं हुतं. सगळी पोट भरून जेवली."